‘पोराचं बियाणंच बदलणार असेल तर...’

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी २९ वर्षांची, सिडकोत राहते. माहेर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबाग आहे. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. मोबाइलमधून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय म्हणून त्याने सिमकार्ड काढून दातांनी चावलं, चार रात्री झोपला नाही. नाशिकमध्येच उपचार झाले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. आता रोज रात्री ओलान्झापीनची १० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. दीड वर्ष झालं, छान आहे. अंबडला एका कंपनीत कामाला जातो, सुट्टीला बागेत असतो. वजन मात्र अकरा किलो वाढलं, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय. मध्यंतरी सिगारेटही सुरू झाली. महिन्याभरापूर्वी चुलत दाजींनी वडिलांना एक व्हिडिओ दाखवला. ‘या गोळ्या मेंदूतले जीन्स बदलतात, मेंदू आक्रसतो.’ वडील म्हणाले, ‘पोराचं बियाणंच बदलणार असेल तर नको त्या गोळ्या. उद्या त्याच्या लेकरांचं काय?’ त्यात एक स्थळ आलंय. भाऊ तीन आठवड्यांपासून अर्धीच गोळी घेतोय आणि म्हणतो, काही फरक पडत नाही. डॉक्टरांना आम्ही हे सांगितलेलं नाही. जीन्स बदलतात हे खरं आहे का? ते कायमचं असतं का? गोळी बंद केली तर चालेल का?
– एक बहीण

ताई,

आधी एक काम सांगते, मग बाकीचं बोलू. उद्या सकाळी भावाच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन आठवडे तो अर्धी गोळी घेतोय हे सांगून टाका. ओरडा बसेल या भीतीने ही गोष्ट घरोघरी लपवली जाते. माझ्याकडे येणाऱ्या आयासुद्धा सगळं बोलून झाल्यावर उठतात, दारापर्यंत जातात, परत वळतात आणि मग हळूच म्हणतात, ‘मॅडम, गोळी आम्ही जरा कमी केलीय.’ डॉक्टर रागावले तरी सांगा. तोवर गोळी आहे त्याहून कमी करू नका आणि आपल्या मनाने पुन्हा पूर्णही करू नका. किती द्यायची ते त्यांना ठरवू द्या.

आता तुमच्या वडिलांचं वाक्य. ते वाचून मी थोडा वेळ थांबले. ज्या माणसाने जन्मभर काडी निवडून निवडून बाग उभी केली, त्याला बियाण्याची धास्ती वाटणारच, आणि त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं. ‘काका, तुम्हाला नाही कळायचं ते’ असं म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी वेळ मारून नेतो, आणि मग ती जागा व्हिडिओवाले घेतात. व्हिडिओतल्या माणसाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या आहेत. त्यातली एक खरी आहे, म्हणूनच ऐकणाऱ्याला सगळंच खरं वाटतं.

वडिलांना सातबारा आठवायला सांगा. साताच्या नमुन्यात जमीन कुणाची, गट नंबर कोणता, क्षेत्र किती. बाराच्या नमुन्यात यंदा त्यात पीक काय उभं आहे. सातवर काही बदलायचं तर खरेदीखत, वारसनोंद, फेरफार अशी सगळी वाट चालावी लागते. बारा मात्र दर हंगामाला नव्याने लिहिला जातो. आपल्या शरीरातही असंच आहे. प्रथिनं बनवण्याचा मजकूर असलेली सुमारे २० हजार जनुकं, म्हणजे व्हिडिओतले ‘जीन्स’, माणसात आहेत. तोच उतारा मेंदूच्या पेशीत असतो, तोच यकृताच्या पेशीतही. पण सगळी जनुकं सगळीकडे एकाच वेळी पिकाखाली नसतात. कुठल्या पेशीत, कुठल्या तासाला, कोणतं जनुक वाचलं जातं आणि त्यातून किती प्रथिन तयार होतं, याला पुस्तकात जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. मी पेशंटच्या घरच्यांशी बोलताना ‘जनुक जागं होणं आणि निजणं’ म्हणते.

भावाची गोळी बाराला हात लावते, हे खरं आहे. साताला ती हात लावत नाही. जनुकांचा मजकूर ज्यात लिहिलेला असतो त्या डीएनएमधली अक्षरं गोळीआधी जी होती तीच गोळीनंतर राहतात.

हात लावते म्हणजे नेमकं काय करते? मेंदूतल्या पेशींवर डोपामिन नावाचं रसायन येऊन बसण्याच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यातल्या डी-टू जातीच्या जागेवर डोपामिन बसलं की पेशीच्या आतला एक निरोप्या, सायक्लिक एएमपी नावाचा, दबून राहतो. ओलान्झापीन किंवा हॅलोपेरिडॉलसारखं औषध येऊन ती जागा अडवतं, पण दाब देत नाही. दाब सुटला की निरोप्या वाढतो, निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि तिथे झोपलेली काही जनुकं जागी होतात. त्यातलं सगळ्यात आधी उठणारं म्हणजे सी-फॉस. उंदरांवरच्या प्रयोगांत औषध दिल्यावर तासा-दोन तासांत ते जागं झालेलं दिसतं. घरात पहाटे उठणारी बाई जशी बाकीच्यांना उठवते, तसं ते पुढे इतर जनुकांना उठवतं.

इथे एक गोष्ट मला शिकत असतानाही फार आवडली होती. सगळी औषधं मेंदूच्या एकाच वस्तीत ही जाग आणत नाहीत. हॅलोपेरिडॉल हे १९५८ मध्ये सापडलेलं जुनं औषध. ते हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात सी-फॉसला जोरात उठवतं, आणि याच औषधाने हातापायांत ताठरपणा, थरथर जास्त येते. क्लोझापीन हे दुसरं औषध त्या भागात फारसं काही करत नाही; त्याची जाग भावना आणि विचारांशी संबंध असलेल्या भागांत जास्त दिसते, आणि त्याने थरथरही क्वचितच येते. तुमच्या भावाचं ओलान्झापीन या बाबतीत क्लोझापीनच्या बाजूला झुकतं. म्हणजे कोणती जनुकं कुठे जागी झाली यावरून औषधाचा स्वभाव समजतो. व्हिडिओवाल्याने ज्याचं भय घातलं, त्याचाच आधार घेऊन संशोधक नव्या औषधांची पारख करत आले.

आता जरा बागेत चला. मी निफाडकडची. लहानपणी मार्गशीर्षात शाळेतून घरी आले की आई बागेतच सापडायची. मणी बाजरीएवढे झालेले असायचे आणि बायका ओळीने घड बुडवत पुढे सरकायच्या. एका हातात प्लास्टिकचा मग, मगात जीएचं पाणी. दुसऱ्या हाताने पान बाजूला सारायचं, मग खालून वर न्यायचा, घड पुरता बुडाला की क्षणभर धरायचा, आणि हलकेच झटकायचा, म्हणजे मण्याच्या टोकाला थेंब साचत नाही. एका वेलीवर तीस-चाळीस घड. संध्याकाळी आईला भाकरी थापताना दंड उचलवत नसे.

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. मणी फुगवणारं हे संप्रेरक वेलीत एरवी मण्यातल्या बीकडून तयार होत असतं. थॉम्पसन जातीच्या द्राक्षात धड बीच नसतं, म्हणून ते आपल्याला बाहेरून द्यावं लागतं. मण्याच्या पेशीत वाढीच्या जनुकांना दाबून धरणारी काही प्रथिनं असतात. जीए शिरलं की ती मोडीत निघतात, दाब सुटतो, जनुकं जागी होतात आणि मणी लांबतो. तुमचे वडील इतकी वर्षं दर हंगामाला हजारो घडांच्या जनुकांची अभिव्यक्ती आपल्या हाताने बदलत आलेत. त्याने थॉम्पसनची सोनाका ही दुसरी जात झाली का? त्या वेलीची काडी घेऊन डॉगरिजच्या खुंटावर कलम केलं तर थॉम्पसनच येते, आणि त्या हंगामाला जीए दिलं नाही तर मणी पुन्हा बारीकच राहतो. हे मी उदाहरण म्हणून जुळवून सांगत नाही. रसायनं वेगळी, पेशी वेगळ्या, पण बाहेरून दिलेल्या पदार्थाने पेशीतला दाब सोडवून जनुकं जागी करायची ही तऱ्हा खरोखर तीच आहे. आणि पीपीएम, म्हणजे पाण्यातलं जीएचं प्रमाण, चुकलं की देठ जाड होतात, घड बिघडतो, हेही वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मात्रेचं महत्त्व त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.

गोळीशिवायही मेंदूतला बारा रोज लिहिला जात असतो. २००० सालचं वैद्यकाचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. त्यातल्या अर्विद कार्लसन यांनी डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या असल्याचं दाखवलं, पॉल ग्रीनगार्ड यांनी तो निरोप पेशीच्या आत कसा पुढे जातो ते उलगडलं, आणि एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून दाखवलं की एखादी गोष्ट कायमची लक्षात राहायची तर पेशीतली जनुकं जागी होऊन नवी प्रथिनं बनावी लागतात. तुम्ही लहानपणी पाढे पाठ केलेत तेव्हा तुमच्या मेंदूत हेच घडलं. जागरणाने हेच घडतं. झोप मोडलेल्या उंदरांच्या मेंदूत शेकडो जनुकांचा जोर बदललेला सापडतो. सिमकार्ड चावण्याआधी भाऊ चार रात्री जागा होता, त्या चार रात्रींनीही त्याच्या मेंदूतला बारा बदललाच असणार, आणि तो कुणी सावरायला नसताना.

तर ‘बदलतात का’ याचं उत्तर हो. ‘कायमचं का’ याचं उत्तर जरा सावकाश देते, कारण ‘बंद करावी का’ हा तुमचा तिसरा प्रश्न याच्याच पोटात आहे.

एखादी जागा रोज अडवलेली राहिली की पेशी स्वस्थ बसत नाही. डोपामिनचा निरोप नीट पोचत नाही म्हटल्यावर ती डी-टूच्या आणखी जागा तयार करते. दुष्काळात माणूस एक बोअर आटली की दुसरी मारतो, तसं. काही महिन्यांच्या औषधानंतर त्या पेशी डोपामिनला आधीपेक्षा जास्त हळव्या झालेल्या असू शकतात. अशा वेळी औषध एकदम काढलं तर काय होईल? नेहमीचंच डोपामिन, पण बसायला मोकळ्या आणि वाढलेल्या जागा. पाणी जुन्याच अंदाजाने सोडलं आणि पाटाची सगळी दारं उघडी निघाली, अशी गत होते. ही वाढलेली हळवी स्थिती औषध हळूहळू उतरवलं तर बऱ्याच अंशी ओसरते, पण तिला वेळ लागतो. महिने लागतात. जनुकांच्या पातळीवर बदल होतो ही माहिती खरी मानली, तर तिच्यातून निघणारा पहिला धडा गोळी झटक्यात न सोडण्याचा आहे. दाजींनी नेमका उलटा अर्थ काढला.

भाऊ म्हणतो, अर्धी करूनही फरक पडला नाही. त्याचं म्हणणं मला खरं वाटतं, आणि म्हणूनच मी काळजीत आहे. मेंदूचं स्कॅन करून या औषधांनी किती जागा व्यापल्या ते मोजता येतं. साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेलं की गुण यायला लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास थरथर, ताठरपणा सुरू होतो. पण मात्रा निम्मी केली म्हणून व्यापलेल्या जागा निम्म्या होत नाहीत. दहावरून पाचवर आलं तर घट त्या मानाने थोडी असते. अडीचवरून शून्यावर येताना मात्र त्या धाडकन मोकळ्या होतात. त्यामुळे पहिली अर्धी सोपी जाते, माणसाला धीर येतो, तो पुढची अर्धीही टाकून देतो. त्यानंतरही आजार दुसऱ्या दिवशी दार वाजवत नाही. आठवडे जातात, कधी महिने. घरच्यांना वाटतं, बघा, उगाच घेत होता.

२०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला, जवळपास साडेसहा हजार रुग्णांचा. आजार स्थिरावल्यानंतर ज्यांचं औषध चालू राहिलं, त्यांच्यापैकी वर्षभरात शंभरातल्या २७ जणांचा आजार उलटला. ज्यांना औषधाऐवजी नुसती साखरेसारखी गोळी मिळाली, त्यांच्यात शंभरातल्या ६४ जणांचा. औषध चालू असूनही २७ जणांचा उलटला, हे मी मुद्दाम सांगते. आणि औषध नसताना ३६ जणांचा वर्षभरात उलटला नाही, हेही. पण आपला मुलगा त्या ३६ मधला आहे की नाही हे आधी सांगणारी तपासणी आज कुठल्याच लॅबमध्ये नाही. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटायला लागल्यापासून निदान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवावं, असा आम्हा डॉक्टरांचा सर्वसाधारण प्रघात आहे. भावाचं दीड वर्ष झालंय. म्हणजे औषध कमी करण्याविषयी बोलण्याची वेळ जवळ आलीय, आणि ते बोलण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. चोरून अर्धी करण्याऐवजी त्याने डॉक्टरांसमोर बसून ‘मला हे कमी करायचंय’ म्हणावं. मग अनेक महिन्यांत, पायरी पायरीने, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान ठेवून ते करता येईल का ते बघता येतं.

मेंदू आक्रसतो, हे व्हिडिओतलं दुसरं वाक्य. याच्याकडे डोळेझाक करायची नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापीन दिलं होतं आणि त्यांच्या मेंदूचा आकार ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरला. त्याच माकडांच्या मेंदूचा एक भाग पुढे बारकाईने तपासला तेव्हा चेतापेशींची संख्या घटलेली आढळली नाही. त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी कमी होत्या. माणसात हे मोजणं अवघड जातं, कारण आजार स्वतःही मेंदूत बदल घडवतो आणि औषध न घेतलेल्या रुग्णांचे मेंदू तपासायला क्वचितच मिळतात. या प्रयोगातून मी माझ्यापुरता नियम घेतला तो असा: ज्या कमीत कमी मात्रेवर माणूस ठीक राहतो त्याच मात्रेवर त्याला ठेवायचं, आणि दर सहा महिन्यांनी ती मात्रा अजून लागते का हे स्वतःला विचारायचं. तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

खरं सांगू? तुमच्या पत्रात ज्या ओळीवर माझी नजर अडकली ती जीन्सची नव्हतीच. ती पट्ट्याच्या भोकाची होती. ओलान्झापीनने भूक वाढते, वजन चढतं, साखर आणि चरबी वाढू शकते. चोविसाव्या वर्षी अकरा किलो म्हणजे पुढच्या मधुमेहाची पेरणी होऊ शकते, आणि यावर काहीतरी करता येतं. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, लिपिड, रक्तदाब, पोटाचा घेर. हे सगळं औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी व्हायला हवं. भावाचं झालंय का? झालं नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. अरिपिप्राझोलसारखं वजन कमी वाढवणारं औषध त्याला चालेल का, किंवा जोडीला मेटफॉर्मिन द्यायचं का, हे विचारा. घरात रात्री उशिरा फरसाण आणि कोल्ड्रिंक येत असेल तर ते बंद करा, पण एकट्या त्याचं नको, सगळ्यांचंच करा. एकाला ताटावरून टोकलं की तो गोळीवर राग काढतो. आणि ओठ, जीभ, जबडा आपोआप हलताना कधी दिसला तर लगेच दाखवा. जुन्या औषधांनी हे जास्त होतं, नव्यांनी कमी, पण होतं. आणि वेळेवर लक्षात आलं तरच हातात काही राहतं.

सिगारेटबद्दल एक गोष्ट बहुतेक घरांना माहीत नसते. धुरातल्या काही पदार्थांनी यकृतातलं एक जनुक जागं होतं आणि त्यापासून सीवायपी-१ए२ नावाचं विकर (एन्झाइम) जास्त बनतं. हेच विकर ओलान्झापीन आणि क्लोझापीन शरीराबाहेर काढतं. म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात तीच गोळी कमी उरते. भावाने सिगारेट सुरू केली आणि वर गोळी अर्धी केली, म्हणजे औषध दोन्हीकडून कमी झालं. उलट बाजूही सांगते: सिन्नरकडचे एक आजोबा रोज दीड बंडल विडी ओढायचे, दवाखान्यात भरती झाल्यावर विडी एकदम बंद झाली आणि आठवड्याभरात जुन्याच मात्रेवर ते दिवसभर गुंगीत राहू लागले. दोष गोळीचा नव्हता, यकृतातलं जनुक पुन्हा निजलं होतं. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखू मळून खाल्ल्याने तो होत नाही. (तंबाखू खा, असं मी म्हणत नाहीये!) भावाने सिगारेट सोडलीच पाहिजे, पण ती सोडताना डॉक्टरांना सांगून सोडू दे.

आता लेकरांचं. ओलान्झापीनने भावाच्या बीजातला मजकूर बदलत नाही. लेकरांकडे जाऊ शकतो तो आजाराचा कल, आणि तो गोळीच्या आधीपासूनच आहे. गोळी घेतली काय, न घेतली काय, त्यात फरक पडत नाही. ढोबळमानाने शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वद मुलांना होत नाही. हुबेहूब जुळ्यांमध्ये, जिथे सगळी जनुकं तीच, तिथेही एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्याहून जास्त वेळा होतही नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ७६ हजारांहून जास्त रुग्णांची जनुकं तपासलेला अभ्यास आला, त्यात आजाराशी नातं असलेल्या डीएनएमधल्या २८७ जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा अगदी तोळाभर. तुमच्या घराण्याचं ‘बियाणं’ खराब आहे असं ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल असं एक जनुक नाहीच.

याच सदराच्या दुसऱ्या वाचक मुलींसाठी एवढंच मधे सांगते की, तुमच्या चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट असेल तर मूल होण्याचा विचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोला. ते गर्भाला धोक्याचं आहे. ओलान्झापीनची गोष्ट वेगळी आहे, दोन्ही गोळ्या एका तराजूत घालू नका.

स्थळाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. पण बहुतेक घरांत गोळी थांबण्याचं खरं कारण तेच असतं, जीन्सचं निमित्त होतं. लपवून लग्न लावू नका. कायद्यात फसवणुकीच्या कारणावरून असं लग्न रद्द करून मागता येतं, पण त्याच्याही आधी रोजचं जगणं मोडतं. लग्नानंतर गोळीची पट्टी बुटांच्या खोक्यात, शर्टांच्या मागे, गाडीच्या डिकीत लपवली जाते. मग बायको शेजारी असताना घेता येत नाही म्हणून एक दिवस चुकते, मग दोन. माझ्याकडे लग्नानंतर सहा महिन्यांत पुन्हा भरती व्हावं लागलेली पोरं आली आहेत, आणि बाहेर बाकावर हातातली मेंदी नुकती कुठे फिकी झालेली, काहीच माहीत नसलेली मुलगी बसलेली असते. त्या मुलीला काय सांगायचं, हे मला आजही सुचत नाही. सांगून जमलेली लग्नंही मी पाहिली आहेत. त्यांना वेळ लागतो, नकार येतात. पण तिथे रात्री पाण्याचा तांब्या आणि गोळी बायकोच आणून ठेवते.

वडिलांशी बोलताना भावाला बाजूच्या खोलीत पाठवू नका. दोन वर्षांपूर्वी त्याला वाटत होतं की लोक त्याच्याबद्दल लपून बोलतात. आज घर खरंच लपून बोलत असेल तर त्याच्यासाठी त्याहून वाईट काय? सगळे मिळून बागेत जा, मांडवाखाली बसा, सातबाराची आणि जीएची गोष्ट तिथेच करा. दाजींनाही बोलवा, त्यांनी काळजीपोटीच व्हिडिओ दाखवला असेल. आणि भावाला विचारा की आजार यायच्या आधी त्याला स्वतःला काय काय जाणवलं होतं. तुम्हाला सिमकार्ड आठवतं, पण त्याला त्याच्याही आधीचं काहीतरी आठवत असेल: झोप उडणं, मोबाइल उशीखाली न ठेवता लांब ठेवावासा वाटणं, टीव्हीवरचं बोलणं आपल्यालाच उद्देशून वाटणं. ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. त्र्यंबक नाक्याजवळ जिल्हा रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मात्रा कमी करायचं डॉक्टरांनी मान्य केलं तर वेळ बागेकडे बघून ठरवा. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस नकोत, काढणीचे नकोत. अवकाळीच्या धास्तीने सगळं घर रात्र रात्र आभाळाकडे बघत बसतं तेव्हा तर अजिबात नको. या मुलासाठी मोडलेली झोप सगळ्यात वाईट. खरड छाटणी उरकून बाग शांत झाली की पहिली पायरी घ्यावी, असं मी माझ्या शेतकरी घरांना सांगते. आणि पुढच्या भेटीला जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, उरलेल्या अर्ध्या तुकड्यांसकट, पिशवीत घालून सोबत न्या. किती चुकल्या, किती राहिल्या ते मोजून कळतं, आठवून सांगायची वेळ येत नाही.